आभाळाचे प्रश्न, अंगणातली उत्तरे

मंडळी, थंडीचे दिवस असतात. गव्हाला पाणी द्यायचे असते आणि वीज येते रात्री. घोंगडी पांघरून तुम्ही बांधावर बसता. मोटर चालू असते, एक वाफा भरला की दुसऱ्याचे दार धरायचे, मधल्या वेळात हाताला काम नसते. अशा वेळी मान आपोआप वर जाते. शहरातल्या माणसाला दिव्यांच्या झगमगाटात जे आभाळ दिसत नाही, ते तुमच्या डोक्यावर फुकट पसरलेले असते.

सोबत आलेला पोरगा मग एकेक प्रश्न काढतो. तारा तुटला की पडतो कुठे? मृगाच्या पावसात मृग का दिसत नाही? ग्रहण कोण लावते? आपण दमलेले असतो. “गप बस, पाण्याकडे बघ,” असे म्हणून मोकळे होतो. पण प्रश्न चांगले असतात. त्यांतले काही गमतीचे आहेत, तर काही थेट घरातल्या माणसाच्या जिवाशी आणि डोळ्यांशी येणारे आहेत. आज गमतीच्या प्रश्नांपासून सुरुवात करू आणि जिवाच्या प्रश्नापर्यंत जाऊ.

मृग लागतो तेव्हा मृग दिसत का नाही?

दर वर्षी सात-आठ जूनला आपण “मृग लागला” म्हणतो. याचा अर्थ इतकाच, की आपल्याकडून पाहिले तर सूर्य त्या दिवसांत मृग नक्षत्राच्या तारकांसमोर आलेला असतो. डोळ्यांसमोर पेटता कंदील धरला तर त्याच्यामागे बसलेला माणूस दिसेल का? तसेच हे. मृग सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो, म्हणून दिसत नाही.

सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला पोचते. मग डिसेंबरात दिवेलागणीनंतर मृग पूर्वेला वर येतो. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये एका ओळीत तीन तारे. तो मृगाला लागलेला बाण. त्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवत नेली की लखलखणारा व्याध सापडतो. पोराला आधी एवढे दाखवा. एकदा मृग ओळखता आला की बाकीचे आभाळ हळूहळू ओळखीचे होते.

आणखी एक गोष्ट. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डुलतो. त्यामुळे मृग लागण्याची तारीख सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. पाऊस मात्र सूर्याच्या तापण्यावर आणि समुद्रावरच्या वाऱ्यांवर अवलंबून असतो, त्या तारकांवर नाही. नक्षत्र हे आपल्या आजोबा-पणजोबांचे कॅलेंडर होते, आणि चांगले होते. पण मृग लागला म्हणून कोरड्यात पेरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरती ओल झाली, की मगच चाडे हाती घ्या.

तारा तुटला की पडतो कुठे?

तारा तुटत नाही. तारा म्हणजे आपल्या सूर्यासारखाच दूरचा सूर्य. तो असा रोज रात्री तुटून पडू लागला तर आपण हे वाचायला राहिलो नसतो. आपल्याला दिसते ती जळणारी धूळ. वाळूच्या कणाएवढा, ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा फार तर वाटाण्याएवढा खडा सेकंदाला अकरा ते बहात्तर किलोमीटर इतक्या वेगाने हवेत घुसतो. जमिनीपासून ऐंशी ते एकशेवीस किलोमीटर उंचीवर तो तापून पेटतो आणि क्षणात संपतो. म्हणून रेघ दिसते आणि विझते. तिला उल्का म्हणतात.

ही धूळ येते धूमकेतूंच्या आणि लहानमोठ्या खडकांच्या वाटेवर सांडलेली असते तिथून. उसाची ट्रॉली गेली की रस्त्यावर पाचट पडते ना, तसे. पृथ्वी दर वर्षी ठरलेल्या तारखांना या वाटा ओलांडते आणि मग उल्कांचा वर्षाव होतो. ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा वर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांत जातो. पण १३-१४ डिसेंबरचा खास आपला, रात्रीच्या पाण्याच्या दिवसांतला. तो मिथुन राशीकडून येतो आणि त्याची धूळ १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन नावाच्या खडकाची आहे. त्या रात्री चंद्र नसला तर दहानंतर बांधावर पाठ टेकून बसा आणि पोराला मोजायला सांगा. तासाभरात कित्येक डझन मोजून होतील. फक्त वाफा फुटू देऊ नका.

मग त्या धुळीचे पुढे काय होते?

सगळी जळत नाही. काही कण वितळून पुन्हा गोठतात आणि बारीक गोळ्या होऊन सावकाश खाली उतरतात. इतके बारीक, की बोटावर घेतले तरी कळणार नाहीत. फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवाकडच्या स्वच्छ बर्फातून असे कण वर्षानुवर्षे वेचले आणि २०२१ मध्ये हिशेब मांडला, की वर्षाला सुमारे ५,२०० टन एवढी ही धूळ पृथ्वीच्या जमिनीपर्यंत पोचते. ती समुद्रावर पडते, डोंगरावर पडते, तुमच्या खळ्यावर आणि घराच्या पत्र्यावरही पडते.

गावातल्या धुळीत ती शोधणे अशक्य, असे मोठमोठ्या तज्ज्ञांचे मत होते. जॉन लार्सन नावाच्या नॉर्वेतल्या एका वादकाने ते मानले नाही. हा गृहस्थ संगीतातला, शास्त्राची पदवी नसलेला. त्याने छपरांवरचा आणि पन्हाळीतला गाळ गोळा करायचा छंद घेतला, वर्षानुवर्षे तो धुऊन, चुंबक फिरवून, भिंगाखाली पाहिला. शेवटी लंडनच्या शास्त्रज्ञाबरोबर २०१७ मध्ये त्याने सिद्ध केले, की ऑस्लो, पॅरिस, बर्लिन या शहरांतल्या छपरांवर आभाळातून आलेले कण खरोखर होते. पाचशेच्या आसपास कण त्यांच्या हाती लागले.

तुमच्या पोरांनाही हा उद्योग करता येईल. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीखाली बादली ठेवा. खाली बसलेला गाळ वाळवा. जुन्या स्पीकरचे चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवा. चिकटलेले काळे कण कागदावर झटका आणि भिंगातून पाहा. खरे सांगायचे तर त्यातले बहुतेक पत्र्याचा गंज, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि आपल्याच मातीतले लोह असेल. लार्सनलाही ढीगभर गाळात मूठभरसुद्धा मिळाले नाही. पण निवडायची सवय तर लागेल. आपल्या बायकामाणसांना तांदळातला खडा दिसतो, तो याच सवयीने.

हीच धूळ नुसत्या डोळ्यांनीही दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटे, खरे फटफटण्याच्या आधी, चंद्र नसेल तर पूर्वेला एक फिकट उजेडाचा उंच सुळका उभा दिसतो. झुंजूमुंजू झाले असे वाटून माणूस उठतो आणि बघतो तर रात्र बरीच बाकी. सूर्याभोवती पसरलेल्या धुळीवर पडलेला तो सूर्याचाच उजेड असतो.

आणि मोठाच दगड आला तर?

त्याची खूण आपल्याच महाराष्ट्रात आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर सहलीला गेलेल्यांनी पाहिले असेल. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो गोल खड्डा ज्वालामुखीचा नाही, आणि कोणी खणलेलाही नाही. आभाळातून आलेला एक मोठा दगड आपल्या काळ्या कातळावर आदळला, त्याचा तो घाव. कातळातल्या वितळलेल्या काचेवरून त्याचे वय पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास काढले आहे. अशी घटना फार क्वचित घडते. तेव्हा त्या काळजीने झोप घालवू नका. धुळीचे मात्र रोजचेच आहे.

ग्रहण दर अमावस्येला का लागत नाही?

आता ग्रहणाकडे येऊ. रात्री वीज गेली की हा खेळ घरात करून पाहा. खोलीत एका बाजूला कंदील ठेवा. तो सूर्य. तुमचे डोके पृथ्वी. हातात लिंबू धरा, तो चंद्र. लिंबू कंदिलासमोर आला की उजेड झाकतो, ते सूर्यग्रहण. तुम्ही पाठ फिरवून लिंबू पलीकडे नेलात आणि त्यावर तुमच्या डोक्याची सावली पडली, की चंद्रग्रहण. आता लिंबू थोडे वर किंवा खाली धरून फिरवा. सावली चुकते. आभाळात चंद्राची वाट अशीच सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. म्हणून बहुतेक अमावस्यांना आणि पौर्णिमांना सावली वरून नाही तर खालून निघून जाते. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. ते राक्षस नाहीत. जमिनीच्या नकाशावर दोन हद्दी मिळतात तशा त्या जागा आहेत.

हे शास्त्र बाहेरून आले असेही नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवले, की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. आणि पंचांग पाहा. त्यात ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष मिनिटापर्यंत आधीच छापलेले असतात. राहूच्या मनात येईल तेव्हा तो गिळणार असता, तर पंचांगवाल्यांना महिने आधी वेळ कळली असती का? ज्याचा हिशेब मांडता येतो त्याला भ्यायचे कशाला?

हिशेब किती पक्का, ते ऐका. सुमारे १८ वर्षे ११ दिवस आणि ८ तास गेले, की सूर्य, चंद्र आणि तो छेदबिंदू पुन्हा जवळजवळ पहिल्यासारखे जुळतात. वरच्या आठ तासांमुळे पुढचे ग्रहण पृथ्वीच्या दुसऱ्या भागात दिसते. पण असे तीन फेरे झाले की आठ त्रिक चोवीस, दिवस पुरा होतो आणि सावली पुन्हा आपल्या बाजूला येते. जुन्या लोकांना १६ फेब्रुवारी १९८० आठवत असेल. कारवारच्या किनाऱ्यापासून रायचूरवरून पुढे ओडिशापर्यंत खग्रास सूर्यग्रहण झाले होते. आपल्याकडे ते खंडग्रास होते, तरी भीतीने मुंबईचे रस्ते ओस पडले होते. त्याच मालिकेतले तीन फेऱ्यांनंतरचे ग्रहण २० मार्च २०३४ चे, आणि ते काश्मीर-लडाखकडून खग्रास दिसेल.

लोक दारे लावून बसत, त्याच ग्रहणांसाठी काही माणसे हजारो मैल चालून आली आहेत. १८ ऑगस्ट १८६८ ची सावली कोकणाच्या किनाऱ्यावरून गुंटूरकडे गेली. त्या ग्रहणापासून सुरू झालेल्या शोधात सूर्याच्या उजेडात एक अनोळखी पिवळी रेघ सापडली. तो हेलियम. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये मिळाला, म्हणजे आधी सूर्यावर आणि मग घरात! पुढे २२ जानेवारी १८९८ ला नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गावर ठाण मांडून होता. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही त्याच गावात उतरली होती. ऐन खग्रास असते दोन-चार मिनिटांचे. तेवढ्यासाठी समुद्र ओलांडून आलेले हे लोक होते.

चंद्रग्रहणात चंद्र तांबडा का होतो?

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जागलेल्यांनी ८२ मिनिटे तांबडा चंद्र पाहिला. चंद्र पृथ्वीच्या सावलीत गेला तरी पुरता काळा होत नाही. पृथ्वीच्या कडेच्या हवेतून थोडा उजेड वाकून त्याच्यावर पडतो. मावळतीचा उजेड तांबडा असतो, तसाच तोही तांबडा. म्हणजे त्या वेळी पृथ्वीवरच्या सगळ्या उगवती-मावळतींचा रंग चंद्रावर पडलेला असतो. हवेत धूळ जास्त असेल तर रंग गडद होतो. फिलिपाइन्समधला पिनातुबो ज्वालामुखी १९९१ मध्ये फुटला आणि त्याच्या धुरळ्यामुळे डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र अगदी काळवंडला. धुळीची आणि ग्रहणाची अशी गाठ आहे.

गरोदर बाईने ग्रहण पाळावे का?

हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, आणि खरा प्रश्न हाच आहे.

२५ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होते आणि सूर्य ग्रहणातच मावळला. आमच्या नात्यातल्या एका घरी सून सातव्या महिन्यात होती. पहाटेपासून वेध म्हणून तिला अन्न नाही, पाणी नाही. अंधाऱ्या खोलीत एका जागी बसवलेली. कूस बदलायची नाही, बोट मुडपायचे नाही. रात्री आंघोळीला उठली आणि न्हाणीतच कोसळली. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेली, सलाइन लावली, तेव्हा डोळे उघडले. बाळ-बाळंतीण पुढे सुखरूप राहिली, म्हणून आज हे लिहिता येते.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होत्या. त्यांच्या माहेरी धाकट्या बहिणीला फाटक्या ओठाचे मूल झाले होते. “ग्रहणात विळीवर बसली होती,” असे सगळ्यांनी म्हटले. ती बहीण जन्मभर स्वतःलाच दोष देत गेली. सुनेच्या वाट्याला ते येऊ नये, एवढीच त्यांची धडपड होती.

मंडळी, बाळाचा वरचा ओठ जुळतो तो गर्भाच्या पहिल्या सात आठवड्यांत, आणि टाळू त्यानंतर थोड्याच दिवसांत. पुष्कळदा तेव्हा बाईला दिवस गेल्याची नीट खात्रीही झालेली नसते. पाचव्या, सातव्या महिन्यात भाजी चिरली म्हणून जुळलेला ओठ फाटत नाही. तो न जुळण्यामागे वंशातला दोष असतो, पोषणातली उणीव, तंबाखू-धूर, काही औषधे अशी कारणे असतात. पुष्कळदा एक असे कारण सापडतही नाही. चंद्राच्या सावलीचा त्यात भाग नाही. त्या बहिणीचा काडीचाही दोष नव्हता. तुमच्या गावात अशी कोणी माऊली असेल तर तिला हे सांगा. आणि असे मूल असेल तर झाकून ठेवू नका. ओठ आणि टाळू शस्त्रक्रियेने जोडता येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याची सोय आहे, आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा.

तेव्हा गरोदर बाईने ग्रहणात वेळेवर जेवावे, पाणी प्यावे, गोळ्या चुकवू नयेत, पाय मोकळे करावेत. अन्नावर तुळशीपत्र ठेवायचे तर ठेवा, त्याने कोणाचे बिघडत नाही. देवाचे नाव घ्यायचे तर घ्या. पण पोटुशीला उपाशी ठेवू नका. लहान मुले, म्हातारी माणसे आणि साखरेचा आजार असणाऱ्यांनाही हेच लागू.

मग पाहायचे कसे?

भ्यायला हवे ते एकाच गोष्टीला, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहण्याला. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी दुखत नाही, आणि काही तासांनी समोरच्या माणसाच्या तोंडावर काळा डाग दिसू लागतो. तो डाग कधी कधी जन्मभर राहतो. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, उन्हाचा गॉगल, परातीतले हळदीचे किंवा शेणाचे पाणी, यातले काहीही चालत नाही. ग्रहणासाठी प्रमाणित केलेले चष्मे किंवा चौदा नंबरची वेल्डिंगची काच असेल तरच वर पाहा, तेही थोडा थोडा वेळ. चंद्रग्रहणाला यातले काही लागत नाही, ते खुशाल पाहा.

काही विकत आणायचे नसेल तर सूर्याकडे पाठ करा आणि गव्हाची चाळण जमिनीपासून हात-दोन हात वर धरा. प्रत्येक भोकातून एकेक चतकोर सूर्य खाली उतरेल. कडुलिंबाखालच्या कवडशांतही त्याच कोरी दिसतील.

त्याहून सोपे म्हणजे लहान आरशावर कागद चिकटवा. कागदाला मधोमध हरभऱ्याएवढे भोक ठेवा. आरसा अंगणात उन्हात टेकवून कवडसा दारातून आतल्या काळोख्या भिंतीवर पाडा. तीस-पस्तीस फुटांवर लहान पुरीएवढा सूर्य उमटेल आणि चंद्र त्याला कुरतडताना दिसेल. आरशात मात्र कोणी डोकावू नये आणि कवडसा कोणाच्या डोळ्यांवर मारू नये.

२ ऑगस्ट २०२७ ला, आषाढ अमावस्येला, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये ते सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास असेल. आपल्याकडे पावसाचे दिवस, ढगांनी उघडीप दिली तरच दिसेल. आरसा तयार ठेवा. आजीला उंबऱ्याबाहेर यायचे नसेल तर आग्रह करू नका. तिच्या खोलीच्या भिंतीवरच कवडसा पाडा, आणि सुनेला ताट वाढून तिच्या शेजारी बसवा.